उत्तम नग

माझ्या बायकोला, डिनाला, पुरल्याच्या तिसऱ्या दिवशी मी आमची दुभती गाय, मॉगी, खिंडीपलीकडे टॉलसनच्या गोठ्यात नेऊन बांधली. आमच्या कंबरलँडच्या डोंगरात असं बरेच जण करतात. कुळ मेलं की जमीनदाराचा कारभारी येतो आणि घरातला उत्तम नग घेऊन जातो. तो नग म्हणजे बहुतेक वेळा गायच. शेत डिनाच्या बापाचं होतं, म्हणून कागदावर कुळ तीच होती.

कारभारी ग्रेव्हसन दोन गडी आणि गाडी घेऊन आला. गोठ्यातली आटलेली म्हातारी गाय बघून हसला.

"हीच का रे तुझी उत्तम गाय, आयझॅक?"

"आहे ती ही आहे, साहेब."

"मग घरात बघू."

मी दारात आडवा उभा राहिलो. "तुमचा हक्क गुरावर. सामानावर नाही."

"कागदात गुरं असं कुठे लिहिलंय? चॅटल लिहिलंय." त्याने मास्तरासारखं बोट वर केलं. "लॅटिन लोक डोक्याला जे म्हणायचे, त्यातून आलाय हा शब्द. मुख्य धन, असा अर्थ. आपल्या बापजाद्यांचं धन म्हणजे गुरंच, म्हणून गुरांना तेच नाव पडलं. कॅटल आणि चॅटल सख्खी भावंडं रे. एक गोठ्यात राहिलं, दुसरं वकिलांकडे गेलं. जमीन जागची हलत नाही. हलतं ते सगळं चॅटल. गाय, किटली, खाट."

"बावीस वर्षं तुमचाच कायदा सांगत होता की लग्न झालेल्या बाईचं स्वतःचं काही नसतं. तिने विणलेले मोजेसुद्धा माझे. मग आज तिचं सामान कुठून आलं? मेल्यावर?"

"इथली प्रथा आहे." त्याने गड्यांकडे बघून डोळा मिचकावला. "आणि कायद्याचंच काढलंस तर बायको म्हणजेसुद्धा तुझं चॅटलच की. पण तो नग आम्ही मागत नाही."

गडी हसले. मी हात उचलला नाही. त्याचा राग मला अजून आहे.

त्यांनी डिनाची ओकची पेटी उचलली. तिच्या आजीची, चार बुटक्या पायांची. आत तिचे कपडे होते, आणि दोन महिने जगलेल्या आमच्या मुलीचं टोपडं.

"टोपडं तेवढं काढून घेऊ द्या," मी म्हणालो.

"नग आहे तसा," ग्रेव्हसन म्हणाला.

फरशीवर पेटीच्या पायांच्या चार फिकट खुणा राहिल्या.

दुसऱ्या दिवशी मॉगीला आणायला गेलो, तेव्हा टॉलसनने सगळं ऐकून कपाळावर हात मारला.

"गाढवा, गाय द्यायची की! तुमच्या डोंगरावर जन्मलेलं जनावर दुसरीकडे टिकतं का? आठ दिवसांत कुंपण मोडून परत आलं असतं. माझ्या बापाने एकच गाय तीनदा दिली. आता पेटी काय पायांनी चालत येणार आहे?"

खरं होतं त्याचं. आमच्याकडचं जनावर आईमागे ज्या उतारावर फिरलं, तिथेच परत येतं. पोरंबाळंसुद्धा हे जाणतात. मी पन्नास वर्षांचा, आणि मला सुचलं नाही.

आमची दूध काढायची वेळ चारची. डिना फाटकाशी उभी राहून हाक मारायची, "कुश, कुश, ये गं." मॉगी तिच्याच हाताला पान्हा सोडायची. माझ्या हाताला चार धारा, त्याही कशातरी. सोमवारी तर थेंब नाही. मी बादली भिंतीवर फेकली. धुक्यात फाटकाशी गेलो आणि डिनाची हाक मारली. मारत राहिलो. घसा फाटेपर्यंत. ग्रेव्हसनवर राग होता, स्वतःवर होता. डिनावरही होता.

धुक्यातून काही आलं नाही.

मंगळवारी सकाळी खाली ओढ्याच्या उताराशी चिखलात चौकोनी खड्डे दिसले. दोन पुढे, दोन मागे, मग पुन्हा दोन पुढे. जन्मभर गुरं पाळली, चाल ओळखतो. ही दमून चढणाऱ्या जनावराची चाल होती. पण खूर चौकोनी नसतो.

बुधवारी खुणा अर्ध्या वाटेपर्यंत आल्या होत्या.

गुरुवारी ग्रेव्हसनचा एक गडी आला. आज हसत नव्हता.

"पेटी चोरून आणलीस का रे?"

"घर बघ."

त्याने घर पाहिलं. फरशीवरच्या चार खुणा पाहिल्या.

"साहेबांच्या कोठाराचं कुलूप तसंच आहे," तो हळूच म्हणाला. "दार आतून फुटलंय, आयझॅक. खाली. गुडघ्याएवढ्या उंचीवर."

मी बिअर विचारली. थांबला नाही.

शनिवारी चार वाजता गोठ्यातून घरात आलो, तर पेटी जागेवर होती. चारी पाय चार खुणांवर. झाकणापर्यंत काळा चिखल, बिजागरीत नेच्याची पानं अडकलेली.

हात ठेवला. लाकूड ऊन होतं. गायीच्या कुशीसारखं. हाताखाली किंचित वर होत होतं, खाली होत होतं.

"आलीस," मी म्हणालो. आणि मूठभर पेंढा घेऊन तिला पुसून काढली. दुसरं काय करतात?

मग झाकण उघडलं.

टोपडं होतं. कपडे कोरडे होते.

सगळ्यांत वर एक पांढरा झगा होता.

मी झाकण लावलं. पुन्हा उघडलं.

गळ्याशी निळा टाका. आमच्याकडे लग्नाच्या वर्षीच बाई आपला शेवटचा झगा शिवून ठेवते. हा तोच. मी आणि टॉलसनच्या बायकोने तो डिनाला घातला होता. शवपेटीला खिळे मी ठोकले. चर्चपर्यंतची आठ मैलांची प्रेतवाट खांदा देऊन गेलो.

झग्याची घडी बाह्या आत घेऊन घातली होती. अशी घडी फक्त डिना घालायची. खालची किनार ओली होती, लाल मातीने भरलेली. आमच्या डोंगराची माती काळी. लाल माती फक्त चर्चच्या आवारात.

डिना याच उतारावर जन्मली.

ग्रेव्हसन येईल. येऊ दे. लिहू दे त्याला कागदावर काय लिहायचं ते.

आज रविवार. चार वाजता दूध काढायला बसलो. मी हाक मारली नाही.

मॉगीने मान वळवून प्रेतवाटेकडे पाहिलं, आणि पान्हा सोडला.