समस्वप्नातला वारा

कोर्टवर पाच खेळाडू होत्या, एक चेंडू होता, दोन बास्केट होत्या. छताला चोवीस दिवे होते. इथपर्यंत सगळं क्लबच्या आराखड्याप्रमाणे होतं. आराखड्यात नसलेल्या गोष्टी दोन : डाव्या बास्केटमागे उभा असलेला एक कडुलिंब, आणि वारा.

मैत्रेयी मेश्रामनं चेंडू छातीशी धरला, वाऱ्याचा अंदाज घेतला आणि मनगट किंचित पश्चिमेकडे वळवून तो सोडला. चेंडू इतका सावकाश गेला, की त्याच्यावरच्या शिवणी दिसत होत्या. कडुलिंबाची बारीक फुलं त्याच्याबरोबर तरंगत गेली. जाळी हलली, आणि पाचही जणी जाग्या झाल्या.

खोलीत दुपार होती. खिडकीबाहेर लिथुआनियातलं ते लहानसं शहर बर्फाखाली निपचित पडलं होतं.

"माझ्या दातांत धूळ कचकचतेय," शेजारच्या पलंगावरून संघाची कप्तान रूता म्हणाली. कपाळावरची पट्टी सोडवत ती उठून बसली. "बाहेर उणे नऊ, आणि मी घामानं निथळतेय. मैत्री, तुमच्या नागपुरात माणसं राहतात की भाजतात?"

"मे महिन्यात दोन्ही."

त्या पट्टीमुळेच मैत्रेयी इथे आली होती. झोपेत पापण्यांखाली डोळे फिरू लागले की शरीर सैल पडतं, पण मेंदू शिकलेल्या हालचाली घोटत राहतो. पट्टी त्या वेळी पाच मेंदूंना सूक्ष्म स्पंदनं देऊन एकाच कोर्टवर आणत असे. क्लब याला समस्वप्न म्हणे. तासाभराच्या समस्वप्नात दोन दिवसांचा सराव होई, आणि गुडघे दुखत नसत. ज्या खेळाडूला समस्वप्नात जागा नाही, तिला संघातही जागा नव्हती.

अडचण अशी, की खऱ्या बंदिस्त हॉलमध्ये वारा नव्हता. मैत्रेयीला दोन्ही जमत होतं. ती लहानपणापासून उघड्यावरही खेळली होती आणि आतही. बाकीच्या चौघींची मनगटं मात्र आता नसलेल्या वाऱ्यासाठी वळू लागली होती. संघ सलग तीन सामने हरला होता.

निद्रातज्ज्ञ योनास यांनी तिला पडद्यासमोर बसवलं. "झोपेत वारा थेट मोजता येत नाही. पण मनगट किती वळायला बघतं, त्यावरून वेग काढता येतो. हा तुझा."

"अकरा," ती वाचून म्हणाली. "नागपूरच्या ग्राउंडवर संध्याकाळी एवढाच असायचा."

"उगम तुझ्याकडे आहे. तो बंद झाला की बाकीच्यांचं आपोआप थांबेल. आमच्याकडे गाळणी आहे. वारा सुटला की ती आठवणीतला तेवढाच धागा शोधून सैल करते. कोर्ट तुला आठवेल, झाड आठवेल. वारा आठवणार नाही."

"परत आणता येईल?"

"सुटलेला धागा आम्हाला अजून जोडता आलेला नाही. पण तू गाळणीला नाही म्हणालीस, तर शनिवारच्या सामन्यात तुझ्या जागी दुसरी खेळाडू येईल. मला ते नको आहे."

तिनं गेडाम सरांना फोन लावला. नागपुरातल्या सिमेंटच्या कोर्टवर तिच्या हातात पहिला चेंडू त्यांनीच दिला होता.

"काय वं मैत्री, तिकडं झोपाचे पैसे देतात म्हणे? इथं झोपली असती तर दहा चकरा मारायला लावल्या असत्या!"

ती हसली, मग तिनं सगळं सांगितलं.

"सर, ग्राउंड कसं आहे?"

"ग्राउंड कुठलं बाप्पा? गाड्या उभ्या राहतात तिथं. झाड रस्ता रुंद करताना तोडलं. तुले सांगितलं नव्हतं."

"मग तो वारा फक्त माझ्याजवळ आहे."

"असू दे. पण त्याच्यासाठी तू बाकड्यावर बसशील, हे मले नाही चालणार. मी तुले खेळाले पाठवलं, राखण कराले नाही."

दुसऱ्या दिवशी दुपारी तिनं गाळणीच्या संमतिपत्रावर सही केली आणि पट्टी बांधली.

कोर्टवर कडुलिंब होता. त्याचं एकही पान हलत नव्हतं. फुलं फांद्यांवर होती तशीच थांबली होती. मैत्रेयीनं चेंडू टाकण्यापूर्वी एक बोट ओलं करून वर धरलं, आणि ते का धरलं हे तिला कळेना. तिनं बोट जर्सीला पुसलं. चेंडू सरळ गेला. पुढचाही सरळ गेला. कुठेतरी दूर रूता हसत होती, डोळ्यांवर आलेले केस मागे सारत होती.

जाग आली तेव्हा योनास पडद्याजवळ उभे होते. त्यांनी यंत्र बंद करून पुन्हा सुरू केलं, तारा तपासल्या, आणि मग पडदा मैत्रेयी आणि रूता, दोघींकडे वळवला.

मैत्रेयी : शून्य.

रूता : ताशी अकरा किलोमीटर, पश्चिमेकडून.