पावट्याचे नऊ गुंठे

दोन हजार एकाहत्तर साली तन्मय, ऋतुजा ही नावं फक्त आजोबा-आजींचीच उरली होती, आणि पिकांच्या तक्त्यात 'फरकाचे कारण' हा रकाना रिकामा ठेवायला कायद्याने बंदी होती. त्या रकान्यासाठीच पीक-निरीक्षण केंद्रातल्या डॉक्टर आर्वी शेंडगे निंबाळवाडीत तन्मयआबा ढोबळ्यांच्या ओट्यावर येऊन बसल्या होत्या.

आबांची ज्वारी दरसाल तेवढीच, करडई तेवढीच. पावटा मात्र पहिल्या वर्षी दोन गुंठे, दुसऱ्या वर्षी पाच आणि यंदा चक्क नऊ. बायको जाऊन आठ वर्षं झालेली, घरात आबा एकटे, आणि पोट फुगतं म्हणून पावट्याला ते शिवतसुद्धा नसत.

पाऊस बरा झाला म्हणून पेरला, असं आबांनी सांगून पाहिलं. पाऊस तिन्ही वर्षं सारखाच होता. मग भाव, मग बियाणं, मग जमिनीचा कस अशी एकेक सबब त्यांनी पुढे केली, आणि बाईंनी तक्त्यावर बोट ठेवत हसत हसत ती खोडून काढली. पूर्वी तलाठ्याने 'अवर्षण' एवढं खरडलं की भागायचं. ते सुख आता गेलं होतं.

"मग राहिलं काय?" आबांनी विचारलं.

"मनपेरा."

पाऊस, पाणी, भाव यांच्यामुळे पडणारा फरक वजा केला, की क्षेत्रात जो किरकोळ फरक उरतो, त्याला केंद्राने हे नाव दिलं होतं. आधी तो मोजणीतली चूक म्हणून सोडून देत. लाखो शेतांचे चाळीस वर्षांचे तक्ते ताडून पाहिल्यावर कळलं, की ती चूक नव्हेच. माणसाचं मन काय ठरवतंय हे त्याला स्वतःला उमजायच्या आधीच हात पेरून मोकळे होतात. लांबच्या रानातला पेरा दरसाल गुंठा-गुंठा आक्रसू लागला, की दोन वर्षांत ते घर गाव सोडतं.

"आणि न खाणाऱ्याचा पावटा वाढला तर?"

"दोन वर्षांत त्या घरात एक माणूस वाढतं," बाई म्हणाल्या. "शंभरातल्या सत्त्याण्णव घरांत."

आबांचे कान लाल झाले. शेंगा कुठे जातात हे अख्ख्या वाडीला ठाऊक होतं. बांधापलीकडे एकट्या राहणाऱ्या ऋतुजाबाई खांडेकरांकडे, पाटी भरभरून. शेजारधर्म म्हणून देतो, असं आबा स्वतःची समजूत घालत आले होते. आता त्यांना इतका आनंद झाला, की बाईंची पाठ फिरताच त्यांनी धुतलेला सदरा चढवला आणि बांध ओलांडला.

ऋतुजाबाई अंगणात शेंगा सोलत होत्या. नाही म्हणाल्या तर रोजचं बोलणंही तुटेल, अशी आबांना धास्ती होती. तरी त्यांनी सगळं एका दमात सांगून टाकलं, लग्नाचंसुद्धा.

ऋतुजाबाई हसल्या. डॉक्टरीणबाई मंगळवारीच त्यांच्याकडे येऊन गेल्या होत्या. आबांना आवडते म्हणून ऋतुजाबाईंच्या शेतात अंबाडी वाढत चालली होती.

"मला हो म्हणायचंय," त्या म्हणाल्या. "पण खरं सांगा. आज ती बाई आली नसती, तर आला असता?"

आबांनी खाली बसून एक शेंग सोलायला घेतली.

"तुम्ही आपणहून येताय का, तेच मी मंगळवारपासून बघत होते. अजूनही थांबले असते. पण तेवढ्यात ती तुमच्याकडे आली."

आबांना 'आलो असतो' म्हणायचं होतं, अगदी मनापासून. पण ते खरं आहे का, हे विचारायला आता तक्त्याखेरीज कुणी उरलं नव्हतं.