दोन वाजून वीस मिनिटांची फाइल

बसव की गाडीला कॅमेरा, अद्वैत. कोण नको म्हणतंय? चांगली वस्तू आहे. फक्त माझं एक ऐक. रात्री गाडी लावलीस की कॅमेरा पार बंद होऊ दे. ते पार्किंग मोड म्हणतात, ते चालू ठेवू नकोस.

हसा, हसा. बत्तीस वर्षं आयटीआयला गाड्यांचं वायरिंग शिकवलंय मी, यंत्राला भिणारा माणूस नव्हे. नळाला पाणी यायला अजून तासभर आहे, तोवर इथं पायरीवर बसा. ओवी, तूही बस, त्या मोटरीला कोणी पळवून नेत नाही. सांगतो काय झालं ते. ऐकीव नाही बरं का. ज्याच्या बाबतीत घडलं तो आसिफ माझा विद्यार्थी.

होटगी रोडला राजेसाबांचं दुकान होतं, गाड्यांच्या इलेक्ट्रिक कामाचं. कॅमेरे निघाले तसे तेही बसवायला लागले. शेवटी शेवटी त्यांना मोतीबिंदूनं फार कमी दिसायचं, पण बोटं अशी की डोळ्यांची गरजच नाही. काम झालं की म्हातारा गाडीत पुढच्या सीटवर बसायचा, दार ओढून घ्यायचा, आणि छताच्या कापडावरून एक बोट फिरवायचा. काचेपासून दाराशेजारच्या खांबापर्यंत, खांबापासून खाली फ्यूजपर्यंत. आत दडवलेली वायर बोटाला लागता कामा नये. नाही लागली, तर छतावर दोन टिचक्या मारायचा. टक टक. म्हणजे पास. लागली, तर एक अक्षर न बोलता अख्खी वायर उपसून मांडीवर ठेवायचा.

दुकानात शिकणारे दोघं. एक आसिफ, पोटचा मुलगा. दुसरा तिप्पण्णा, अक्कलकोटकडचा, कन्नड बोलणारा, गरीब स्वभावाचा, म्हाताऱ्याला उस्ताद म्हणणारा. आता कुणाला टिचक्या आणि कुणाची वायर मांडीवर, ते तुम्हीच ओळखा.

आसिफचं काम वाईट नव्हतं रे. मीच शिकवलेलं पोरगं. पण त्याच्या वायरी निघायच्याच. गिऱ्हाइकादेखत निघायच्या. वर म्हातारा हाक मारणार, "तिप्पा, तू देख जरा." आसिफ आतल्या आत जळायचा. तिप्पण्णा हसला तरी याच्या अंगाचा तिळपापड. घरी जेवताना अब्बा तिप्पण्णाचं कौतुक करायचे, तर हा ताटावरून उठायचा. दुसऱ्या दिवशी दुकानात उशिरा यायचा, आणि म्हातारा तोवर तिप्पण्णालाच त्याच्याबद्दल विचारत राहायचा. मला म्हणायचा, "सर, ह्यो माझा बाप हाय का त्येचा, त्येवढं एकदा सांगा की."

दोन हजार चोवीसच्या जूनमध्ये राजेसाब गेले. चाळिसाव्या दिवसापर्यंत तिप्पण्णानं दुकान सांभाळलं, मग अक्कलकोट रोडला स्वतःची टपरी टाकली. आसिफला वाटलं, सुटलो. आता तुलना करणाराच उरला नाही.

डिसेंबरच्या पहिल्या आठवड्यात दुकानाच्या नंबरावर वैरागहून फोन आला. सरोजिनीबाई म्हणून तिथं शाळेच्या मुख्याध्यापिका आहेत. कॅमेऱ्याचं कार्ड सारखं भरतंय म्हणाल्या. जुलैत तिप्पण्णानंच बसवला होता तो, दुकानात असताना. आसिफनं नियम म्हणून तिप्पण्णाला फोन लावला, तर तो म्हणाला, "मी गाणगापूरला आलोय की. तूच बघून ये. तुझं काम काय माझ्याहून कमी हाय व्हय?"

खरं सांगू? आसिफला आनंद झाला. तिप्पण्णाच्या कामात खोट निघाली होती ना! वैरागपर्यंत शीळ घालत गेला.

बाईंनी चहा दिला आणि म्हणाल्या, "भाच्यानं दोनदा कार्ड पुसून दिलं. आठ-दहा दिवसांत पुन्हा तेच. वस्तूच खराब आहे का?"

"वस्तू न्हाय बाई. बसवणाऱ्याचा हात," आसिफ म्हणाला. जीभ रेटलीच त्याची.

आता हे समजून घ्या. गाडी उभी असताना कुणी हलवली, धक्का दिला, तर कॅमेरा आपोआप जागा होतो आणि एक मिनिटाचं चित्रण करतो. आणि ती फाइल कुलूपबंद ठेवतो. बाकीचं जुनं पुसून त्यावर नवं चढत राहतं, ही मात्र पुसली जात नाही. अशा फाइलींना कार्डावर थोडीच जागा ठेवलेली असते, ती संपली की कॅमेरा कार्ड भरलं म्हणतो. कॅमेरा जास्तच हळवा ठेवला असेल, मांजर उडी मारत असेल, असा आसिफचा अंदाज. त्यानं कार्ड काढून मोबाइलला लावलं.

कुलूपबंद फाइली नऊ होत्या. नऊ दिवसांच्या नऊ. आणि प्रत्येकीवर वेळ एकच. रात्री दोन वाजून वीस मिनिटं.

पहिली लावली. कॅमेऱ्याचं एक भिंग गाडीच्या आत बघणारं होतं, अंधारातही करडं करडं दाखवणारं. गाडी रिकामी. दारं बंद. बाहेर बाईंचं कुलूप लावलेलं फाटक. गाडी एकदा खाली दबली, आपण आत बसलो की दबते तशी. पुढच्या सीटला खळगा पडला. त्या खळग्यात कोणी नव्हतं.

मग छताचं कापड हललं. बोटाएवढा दाब. काचेपासून निघाला. सावकाश. खांबापर्यंत. खांबावरून खाली.

आणि आवाज. टक टक.

आसिफच्या हातातला कप कलंडला. बाईंनी विचारलं काय झालं, तर म्हणाला मांजर आहे, सेटिंग बदलतो. भीती वाटली का त्याला? वाटली. पण ती मिनिटभर. नंतर जे वाटलं ते भीतीपेक्षा वाईट होतं. माणूस मेला, मातीत गेला, तरी तिप्पण्णाचंच काम तपासायला येतोय! वैरागपर्यंत येतोय!

सोलापूरला आला तो तसाच कामाला लागला. गिऱ्हाइकांना फोन करून फुकट तपासणी म्हणून बोलावलं. जूननंतर त्यानं स्वतः कॅमेरे बसवलेल्या चौदा गाड्या तपासल्या. काही नाही. एकीत कुत्रं, एकीत वारा. मग तिप्पण्णानं दुकानात असताना केलेल्या गाड्या. एक माढ्याची, दोन इथल्याच. तिन्ही कार्डांवर दोन वाजून वीस मिनिटं. तिन्हींत टक टक.

त्या रात्री आसिफ माझ्याकडे आला. ह्याच पायरीवर बसला होता. रडत नव्हता, डोळे नुसते तांबारलेले. म्हणाला, "चौदा गाड्या, सर. एकीत तरी यायचं. वायर उपसायला तरी यायचं की!"

मी म्हटलं, अरे मेलेल्या माणसाशी कसला हिशेब मांडतोस, त्यांच्या नावानं फातिहा पढ आणि झोप. त्यानं ऐकलं नाही. मत्सरानं माणूस आंधळा होतो हे मी पुष्कळ पाहिलं होतं. पण मेलेल्याला फसवायला निघालेला माणूस पहिलाच पाहिला.

त्यानं काय केलं ऐका. बाईंना फोन केला, वायर बदलावी लागेल, गाडी एक रात्र दुकानात राहू द्या. गाडी आली. त्यानं तिप्पण्णाची वायर मुळापासून काढली आणि स्वतःची घातली. गाडी तिप्पण्णाची म्हणून अब्बा येणार, आणि बोट फिरणार आसिफच्या वायरीवर, असा डाव. सकाळी नऊला बसला तो संध्याकाळी सातला उठला. पुढच्या काचेपासून छतातून थेट मागच्या काचेच्या कॅमेऱ्यापर्यंत. असं काम त्यानं जन्मात केलं नव्हतं. स्वतः डोळे मिटून बोट फिरवून बघितलं, काही लागलं नाही. पार्किंग मोड चालू केला, गाडी दुकानामागच्या मोकळ्या जागेत लावली.

आणि घरी गेला नाही. त्याला समक्ष ऐकायचं होतं.

बुधवार, अकरा डिसेंबर. बारा वाजून गेले होते, म्हणजे तारीख बारा लागलेली. थंडी कडक. आसिफ मागच्या सीटवर कोपऱ्यात अंग चोरून बसला. दारं आतून लावलेली. एक वाजला. दीड वाजला. लांब रेल्वेचा भोंगा झाला. दोन वाजले.

दोन वाजून वीस मिनिटं.

गाडी दबली.

दार उघडलं नव्हतं. पुढची सीट करकरली. खळगा पडला. आसिफला राळेचा वास आला. वायरीला सोल्डरचा डाग देताना जळते ना, त्या राळेचा. दुकानात गेले सहा महिने डागकाम झालं नव्हतं.

कापड हललं. काचेपासून... सावकाश... खांबापर्यंत. खांबावरून खाली. परत वर. आसिफनं श्वास धरला. आता लागेल. आता उपसतील.

नाही उपसली.

दाब छतावरून मागं यायला लागला. मागच्या कॅमेऱ्याच्या वायरीवरून. एक वीत. दोन विती. पुढच्या सीटचा खळगा तसाच. बसलेलं माणूस पुढंच होतं... आणि बोट मागं येत होतं.

मधल्या दिव्यापाशी आलं. पुढं आलं. आसिफच्या बरोबर डोक्यावर आलं.

थांबलं.

किती वेळ... त्यालाही सांगता येत नाही.

मग पुढच्या सीटवरून आवाज आला. खोल. आनंदानं भरलेला. आसिफनं बापाचा तसा आवाज स्वतःसाठी कधी ऐकला नव्हता.

"तिप्पा?"

पोरांनो, मी त्या जागी असतो तर काय म्हणालो असतो, याचा मी लई विचार केलाय. त्याला म्हणता आलं असतं, अब्बा, मी आहे. ही वायर माझी आहे. एवढ्यासाठीच तर बसला होता तो. पण त्याला वाटलं, माझं नाव सांगितलं तर वायर उपसतील. नाव सांगितलं की नेहमीच उपसली होती.

आसिफ जन्मात पहिल्यांदा बापाला अब्बा सोडून दुसरं काही म्हणाला.

"जी... उस्ताद."

सीट पुन्हा करकरली.

टक टक.

छतावर नाही. त्याच्या कपाळावर.

बोटं बर्फासारखी गार होती, म्हणाला. तो दार ढकलून बाहेर पडला, दार आपटलं, पळत दुकानात शिरला आणि शटर ओढून घेतलं. आत बसून हसला. मग हुंदके देऊन रडला. मग पुन्हा हसला. मिळाली होती ना टिचकी! पस्तीस वर्षांत एकदा. दुसऱ्याच्या नावावर का होईना, पण काम त्याचंच होतं. उजाडेपर्यंत तो कपाळाला हात लावून बसला होता.

सकाळी बाईंची गाडी त्यानं पोचती केली. त्या रात्रीनंतर दोन वाजून वीस मिनिटांची फाइल कुठल्याच कार्डावर आली नाही. बाईंच्या नाही, माढ्याच्या नाही, तिप्पण्णाच्या एकाही गाडीत नाही. गेलं ते गेलंच.

आठ दिवसांनी आसिफ माझ्याकडे आला. दाढी वाढलेली, डोळे खोल. आल्या आल्या मोबाइल माझ्या हातात दिला. म्हणाला, "सर, कार्डावर दोन फायली हुत्या."

पहिली मी बघितली. तुम्हाला सांगितलं तेच. खळगा, कापड, आसिफचा आवाज, टिचक्या.

दुसरी दोन वाजून एकवीसची. आसिफनं पळताना दार आपटलं ना, त्या धक्क्यानं कॅमेरा पुन्हा जागा झाला होता. गाडीत कोणी नाही. मागची सीट रिकामी. पुढच्या सीटवर खळगा... अजून होता. पहिली चाळीस सेकंदं काहीच नाही. मी मोबाइल परत करणार, तर आसिफनं माझा हात धरला.

मग तोच आवाज. पण आता आनंद नव्हता त्यात. थकलेला. एखादा म्हातारा फार लांबून, फार ठिकाणी शोधून आला असावा असा.

"तिप्पा... आसिफ नै आया क्या?"

त्यानंतर वीस सेकंदं फाइल चालू राहते. मग सीट हळूहळू वर येते.