मागच्या सीटवरचा शेरा

गाडी-तपासणीच्या अंगणात ती मापाची पट्टी घेऊन उकिडवी बसली, आणि समोर एका मोटारसायकलचं मागचं अंग — अगदी बोडकं! मडगार्ड कापलेलं, नंबरप्लेट आभाळाकडे वळलेली, लाल रिफ्लेक्टरचा पत्ताच नाही.

"हिची शेपटी कुणी छाटली?"

"मीच. वेल्डर आहे मी. छान दिसते ना?"

"मागून येणाऱ्या ट्रकला दिसली पाहिजे. नापास!"

माणूस चिडतो. हा हसला... आणि तपासनीसबाईंचं मापच चुकलं. पुन्हा मोजावं लागलं.

आठवड्याने तो मडगार्ड बसवून आला. प्लेट तशीच.

"ही वाचायला काय पाखरं येणार?"

"विसरलो, मॅडम."

पुढच्या खेपेला प्लेट सरळ, तर रिफ्लेक्टर नाही. मग रिफ्लेक्टर आला, तर दोन्ही इंडिकेटर एकमेकांना चिकटलेले.

"इतके जवळ? कुठे वळताय ते कळायचं कसं?"

"तुम्हाला कळतंय की... मी कुठे वळतोय ते."

तिने मान खाली घातली. कान मात्र तापले.

"आणि कागदावर गाडी दोन सीटची आहे. मागे बसणारीनं कुठे बसायचं?"

"बसणारी? मी तर बसणारा समजत होतो," तो म्हणाला, आणि पळालाच.

घरी आई टोचायची, "एकच गाडी सारखी नापास होते म्हणे? गाडी तपासतेस की गाडीवाला?"

"आई, नियम असतात!"

"असतील. नियमांनी कुणाचे गाल लाल झालेले मी नाही पाहिले."

मग एका सकाळी तो आला. अंगात इस्त्रीचा शर्ट. गाडीला मागे नवा सांगाडा जोडलेला, त्याच्यावर ऐसपैस सीट, धरायला कडी, पाय ठेवायला दांडे. तिने तीनदा मोजलं. एक चूक सापडेल तर शपथ!

पास केली की संपलं. उद्यापासून हा कशाला येतोय? सरळ विचारायचं ना त्याला! पण ताठा मोडेल ती ही कसली... तिने लिहिलं — 'मागच्या सीटचं वेल्डिंग कच्चं.'

त्याने शेरा दोनदा वाचला. "कच्चं?"

"हो."

"तुम्ही म्हणता म्हणजे असेल."

आठ दिवस ती ठेवणीतले कपडे घालून कामावर गेली. तो आला बाराव्या दिवशी. मागची सीट नव्हती. सांगाडा मुळापासून कापलेला.

"सीट...?"

"तुम्हाला बसवायचं होतं, मॅडम. पास झाली की विचारणार होतो. पण कच्च्या जोडावर कुणाचा जीव ठेवू?"

तिने पट्टी खाली ठेवली. "जोड पक्का होता. मी खोटं लिहिलं. तुम्ही परत यावं — म्हणून..."



"मीही मुद्दाम चुका ठेवायचो," तो हळूच म्हणाला. "पण त्या गाडीवर होत्या. तुम्ही ती माझ्या हातच्या कसबावर ठेवलीत. बारा दिवस एक जोड मारला नाही मी. हातावर भरवसाच उरला नाही."

"मला वाटलं —"

"सीट काढली की एकट्याची गाडी म्हणून नोंद बदलावी लागते ना? बदला."

ती पट्टी घेऊन खाली बसली. प्लेट, दिवे, रिफ्लेक्टर... सगळं जिथल्या तिथे. तिने सीटच्या रकान्यातले दोन खोडून एक लिहिलं, आणि शिक्का मारला.