काटा ब्याण्णववर आला तेव्हा

ऑस्ट्रेलियातल्या पोर्ट ऑगस्टात गाड्यांचे वेग दाखवणारे मीटर दुरुस्त करायचं माझं छोटंसं दुकान आहे. त्या जानेवारीत, भर दुपारी, कोस्टाकाका त्यांची जुनी पांढरी गाडी घेऊन आले. आयुष्यभर मासेमारी केलेला ग्रीक माणूस. वर्षापूर्वी हायवेवर हीच गाडी उलटून त्यांची लेक इरिनी गेली. गाडी काकांनी हळूहळू स्वतःच दुरुस्त करून पुन्हा उभी केली होती.

"ग्लेनिस, ही मोठी चाकं मीच बसवली होती. तिच्या वाढदिवसाला." ते माझ्याकडे बघत नव्हते. "त्यामुळे मीटर कमी दाखवतो का, तेवढं सांग."

कमीच दाखवतो. मोठं चाक एका फेऱ्यात जास्त अंतर कापतं, मीटर मात्र जुन्याच मापाने मोजतो. मला न मोजता ठाऊक होतं. पण तोंडावर सांगवेना. "मोजूनच बघू या," मी म्हटलं.

गावाबाहेर वेग तपासायचे खांब आहेत, दर किलोमीटरला एक. ताशी शंभरने गेलं तर दोन खांबांमध्ये छत्तीस सेकंद लागतात. काका चालवायला बसले, मी घड्याळ धरलं. दोन्हीकडे खारट, पांढरी, सपाट जमीन. काचा बंद असूनही तापलेल्या डांबराचा वास आत येत होता.

काटा शंभरवर. पहिला किलोमीटर तेहेतीस सेकंदांत संपला.

"म्हणजे?"

"म्हणजे... गाडी एकशे नऊने चाललीय, काका."

"तिला वाटलं असणार शंभरच आहे. मी मारलं पोरीला..."

इतक्यात काटा खाली सरकू लागला. अगदी सावकाश.

"काका, वेग का कमी केलात?"

"मी नाही केला..."

मी वाकून पाहिलं. त्यांचा पाय अ‍ॅक्सिलरेटरवर तसाच दाबलेला होता. काटा ब्याण्णववर आला आणि थांबला. पुढचा किलोमीटर... बरोबर छत्तीस सेकंद.

काका हसले, आणि हसता हसता रडायला लागले. "ब्याण्णव! विसरलोच होतो, याच्या वर ती जायचीच नाही गं. मी चिडवायचो, निघाल्या आजीबाई म्हणून... तिला माहीत होतं! मीटर चुकतो हे पोरीला माहीत होतं!" शेजारी कुणी बसलेलं असावं तसं ते ग्रीकमध्ये हळूच काहीतरी बोलले. माझेही डोळे भरले. भीती वाटायला हवी होती, पण तेव्हा वाटली नाही.

मग शेवटच्या खांबाच्या अलीकडे ब्रेकचं पेडल आपोआप खाली गेलं.

सीटबेल्टच्या पट्ट्यांनी आम्हाला धरलं. इंजिन बंद पडलं. समोर रस्ता रिकामा.

"इथेच..." काका पुटपुटले. "ती इथेच उलटली. रिकाम्या रस्त्यावर ब्रेक का मारला, कुणालाच कळलं नाही..."

मी खाली उतरले. बेचाळीस डिग्री ऊन, मैलोन्‌मैल पाण्याचा थेंब नाही. आणि गाडीच्या पुढे, हातभर अंतरावर, रस्ता ओलांडत गेलेली ओली, अनवाणी पावलं. सगळी डाव्या पायाची.

आम्ही दहा मिनिटं तिथे उभे होतो. एकही पाऊल सुकलं नाही. आणि सगळ्यात पलीकडचं पाऊल... ते मागे वळलेलं होतं. आमच्याकडे.