आठवी खोली

विश्वास ठेवा असं मी म्हणणार नाही. पण नम्रता माझी सख्खी मामेबहीण आहे आणि ती थापा मारणाऱ्यातली नाही. सकाळच्या शाळेत गणित शिकवते. दोन अधिक दोन चार झाल्याशिवाय पुढची ओळ लिहीत नाही.

असल्या गोष्टी अवसेच्या रात्री घडतात म्हणतात ना?

ही भर दुपारी घडली. गेल्या वर्षीच्या मार्चमध्ये, रत्नागिरीत, मांडवीच्या घरात.

नम्रताचा धाकटा भाऊ नितेश मालवाहू जहाजावर कामाला होता. आदल्या एप्रिलमध्ये ड्युटी संपवून तो केबिनकडे निघाला...

पोचलाच नाही.

शोधाशोध झाली. हाती काही लागलं नाही. दहा महिन्यांनी घरी फक्त एक खोका आला. कपडे, मनगटी घड्याळ आणि लॅपटॉप.

त्या लॅपटॉपवर दोघा भावंडांचा खेळ होता. रंगीत ठोकळा फिरवून जुळवतात तो आपल्याला माहीत असतो. हा त्याचा थोरला भाऊ, चार मितींचा. हातात धरता येत नाही, कॉम्प्युटरवरच फिरवायचा. याला सहा बाजू नसतात, आठ खोल्या असतात.

पडद्यावर सातच दिसतात.

आठवी फिरली की बाकीच्या खोल्यांच्या कडांवरचे रंग बिघडतात. तेवढ्यावरून ओळखायचं की ती आहे. हे सगळं नितेशनं तिला फोनवरून शिकवलं होतं. आठवी असते तरी कुठे, असं तिनं एकदा वैतागून विचारलं होतं.

"आपल्या भोवती," तो म्हणाला. "आपण तिच्यातच बसलेलो असतो, ताई."

चौथ्या दिशेनं कुलूपबंद कपाटातली वस्तूसुद्धा दार न उघडता बाहेर काढता येते, असंही तो सांगायचा. फक्त वाटेत ती फिरली, तर उलटी होऊन येते. डावं ते उजवं. नम्रता हसायची आणि त्याला शाळेत पाठवायची धमकी द्यायची.

त्यांचा नियम ठरलेला होता. दहा चाली तिच्या, दहा त्याच्या, आणि फाइल मेलनं इकडून तिकडे. नितेश भारी खोडकर. नववी चाल एका बाजूला फिरवायचा आणि दहावीला तीच परत आणायचा. दोन्ही फुकट. त्याला तो टाटा म्हणायचा. हा ठोकळा सुटला की मी घरी, असं जाताना सांगून गेला होता.

मामानं, म्हणजे आत्मारामनं, दर्भाचा पुतळा करून त्याची क्रिया उरकायची ठरवली. तारीख काढली. मामी ऐकायला तयार नव्हती. नितेशच्या रबरी चपला मागच्या दारी तिनं तशाच ठेवल्या होत्या, रोज पुसायची. नम्रताचा जीव दोघांच्या मध्ये नुसता कातरला जात होता.

एका दुपारी शाळेतून आल्यावर तिनं ती फाइल उघडली. सहाशे चाळीस चाली. शेवटच्या दहा नितेशच्या.

म्हणजे पाळी तिची.

रडत रडत तिनं दहा चाली केल्या. फाइल सेव्ह केली, लॅपटॉप बंद केला, कपाटात ठेवून कुलूप लावलं. किल्ली गळ्यातल्या साखळीत.

दुसऱ्या दुपारी उघडलं...

सहाशे साठ.

आपणच चुकून केल्या असतील, असं तिनं स्वतःला समजावलं. मग एकेक चाल मागे घेऊन पाहिली. दहावी मागे, नववी मागे. एक इकडे, एक तिकडे.

टाटा.

तिला घाबरायला हवं होतं. ती खूश झाली. खरंच सांगते, असं ती मला म्हणाली, पोटातून खूश झाले.

मग रोजच चाललं. दहा तिच्या, दहा कुणाच्या तरी. रंग भराभर जुळायला लागले.

सहाव्या दिवशी मामीनं हाक मारली. चपला पुसताना ती थबकली होती.

दोन्ही चपला डाव्या पायाच्या.

तोच झिजलेला अंगठा, तीच तुटून शिवलेली पट्टी. फक्त एक उलटी झालेली. आठव्या दिवशी कपाटात ठेवलेलं नितेशचं घड्याळ पाहिलं... आकडे उलटे, काटे मागे चाललेले.

तेव्हा नम्रतानं आईला सगळं सांगितलं. मामीनं त्या दिवशी चपला दोनदा पुसल्या.

दहावी दुपार. दुसऱ्या दिवशी सकाळी क्रिया होती. फाइल उघडली तर आठशे एकोणीस चाली. वीस नाहीत. ठोकळा पूर्ण सुटला होता आणि मग त्यानं आठवी खोली एकदा फिरवून तशीच सोडली होती.

टाटा अर्धाच केला होता. परत आणायची चाल तिच्यासाठी ठेवली होती.

तिनं आठवी खोली मध्यावर आणली. बोट माऊसवर ठेवलं.

आणि समुद्राची गाज थांबली...

मांडवीत जन्म गेला तिचा. ती गाज कधी थांबत नाही.

मागच्या दारातून चपलांचा आवाज आला. फट्. फट्. दोन्ही पावलं एकाच पायाची. पडवीतून आत. तिच्या खुर्चीच्या मागे येऊन थांबली.

तिच्यानं मान वळवेना.

समोर दारात मामी भाताचं ताट घेऊन उभी होती. नम्रताकडे नव्हे, तिच्या खांद्यावरून मागे बघत होती. डोळे भरलेले.

"येऊ दे गो," ती हळूच म्हणाली. "उलटा आला तर उलटा. माझाच ना तो?"

नम्रतानं लॅपटॉप खाडकन मिटला.

गाज परत सुरू झाली. मागे कुणी नव्हतं.

क्रिया झाली नाही. मामीनं त्या चपला मामापुढे ठेवल्या, तो बघत बसला आणि भटजींना फोन करून येऊ नका म्हणाला. चपला अजून मागच्या दारी आहेत. दोन्ही डाव्या.

फाइल नम्रता अधूनमधून उघडते. आठशे एकोणीस. पुढे एकही नाही. तो नियम मोडत नाही.

जेवायला वाढताना मामी रोज विचारते, पाळी कोणाची?

"त्याची," नम्रता सांगते. आईशी एवढं एकच खोटं ती बोलते.

कपाटाचं कुलूप तिनं बदललंय. कुलपानं काही होत नाही हे तिला माहीत आहे.

परवा मी गेलो होतो. मामी कोकमाची सोलं निवडत बसली होती. मान वर न करता ती नम्रताला म्हणाली,

"मला पण शिकव गो तो खेळ. सगळा नको. एकच चाल शिकव."