त्रेचाळीस नवऱ्यांची नावं

दारी आलेल्या माणसाला आधी पाणी द्यावं, बसायला काही द्यावं, मग हौस असेल तर भांडावं. कोरीटच्या हेमकांतने आधी भांडण दिलं आणि पाण्याचं नावही काढलं नाही. शिकलेला पोरगा, शेतीची पदवी घेतलेला, घरची सहा एकर पपई. पण वागणं असं.

त्या दिवशी कामिनीची काही चूक नव्हती. नंदुरबारहून स्कूटीवर निघाली होती कोरीटच्या ग्रामपंचायतीत जायला. फोनमधल्या नकाशाने तिला डावीकडे वळवलं, मग उजवीकडे, मग थेट पपईच्या बागेत नेऊन म्हणाला, तुम्ही पोहोचलात. पुढचं चाक पाटाच्या चिखलात रुतलं. ओढणी पपईच्या देठाला अडकली. आणि समोर हा उभा— हातात फावडं, कपाळावर आठ्या.

"कोणी पाठवलं इकडे?"

"फोनने."

"मग त्यालाच विचारा, बाहेर कसं निघायचं."

कामिनीने त्याच्याकडे पाहिलं. माणूस दिसायला बरा होता, तेवढंच जास्त चिडायला झालं. स्कूटी मात्र त्यानेच ओढून काढली. गुडघ्यापर्यंत चिखल झाला तरी तोंडातून गोड शब्द नाही.

तिचं काम नवं होतं. बंगळूरची एक कंपनी होती, तिला आपल्या यंत्राला अहिराणी शिकवायची होती. त्यासाठी गावोगावच्या बायकांचे आवाज हवे होते. बाईने नाव सांगायचं, सहीचा अंगठा द्यायचा आणि दोन मिनिटं घरच्यासारखं बोलायचं. शनिवारपर्यंत चाळीस आवाज जमले तर कामिनीची नोकरी पक्की. नाही जमले तर घरी बसा. आणि घरी बसली की वडील स्थळं बघणार, हे ठरलेलं. तिला ती नोकरी हवी होती. पहिल्यांदाच घरातल्या कोणी तिला विचारलं होतं, "आज तुझं काम कसं झालं?"

बायका जमल्या त्या नेमक्या हेमकांतच्याच ओट्यावर. त्याची आई शांतीबाई म्हणजे गल्लीची सरपंच. निवडून कोणी दिलं नव्हतं, पण हटवायची हिंमतही कोणाची नव्हती.

"बठ बेटा, पानी पी," ती म्हणाली. "मन्हा पोऱ्या बोली गया ते मनवर नको लेऊ. त्याले बोलता येत नही."

"येतं की," हेमकांत आतून म्हणाला, आणि कंपनीचा अकरा पानी कागद घेऊन दारात उभा राहिला. वाचायला लागला. मोठ्याने, सगळ्या बायकांसमोर.

"नववं पान. हा आवाज कंपनी पुढे कोणालाही, कोणत्याही कामासाठी देऊ शकेल. कोणाला देणार, मॅडम?"

"ते... कंपनीला माहीत."

"तुम्हाला?"

कामिनीने कंपनीला फोन लावला. पलीकडे एक बाई गोड आवाजात म्हणाली, मराठीसाठी दोन दाबा. दोन दाबलं. बाई म्हणाली, तुमचा कॉल आमच्यासाठी महत्त्वाचा आहे. मग पेटी वाजत राहिली. ओट्यावरच्या बायकांनी पदर तोंडाला लावले.

"मॅडम, मायने फक्त एकदा माझ्या लग्नाचा विषय काढला होता," हेमकांत म्हणाला. "इथेच, या ओट्यावर. फोन खाटेवर पडलेला. संध्याकाळपासून मला त्यात शेरवान्या दिसायला लागल्या. कोणी सांगितलं त्याला?"

"मग घ्यायची एखादी," कामिनी म्हणाली.

त्याच्या कानाच्या पाळ्या लाल झाल्या. कामिनीला बरं वाटलं— आणि का बरं वाटलं, हे तिने स्वतःला विचारलं नाही.

बायकांना कागदाचं काही नव्हतं. त्यांना बोलायचं होतं. आयुष्यात पहिल्यांदा कोणी समोर बसून म्हणत होतं, बोला, दोन मिनिटं, मधे कोणी बोलणार नाही. सोनीबाईने सुनेबद्दल सांगितलं, भिकुबाईने गुडघ्याबद्दल. पण संध्याकाळी फोनमध्ये सगळ्या आवाजांवर लाल खूण उमटली. यंत्राचं म्हणणं, नाव अपुरं आहे. बाईचं नाव, नवऱ्याचं नाव, आडनाव, असं पूर्ण पाहिजे.

"मी नाव नही लेस," शांतीबाई म्हणाली. "चाळीस वरीस व्हई ग्यात. एकदाबी नही लिधं."

बाकीच्यांनीही मान हलवली. शांतीबाईचे यजमान रूपचंदभाऊ पलीकडे बिडी ओढत ऐकत होते. चाळीस वर्षांत आपलं नाव या घरात कोणी घेतलेलं नाही, याचा त्यांना अभिमान वाटत होता की दुःख, ते त्यांच्या चेहऱ्यावरून कळत नव्हतं.

"बघा," हेमकांत म्हणाला. "जे नाव ती मला सांगत नाही, ते बंगळूरला सांगणार?"

 फोन मांडीवर उलटा ठेवून कामिनीने खाली पाहिलं. पापण्या ओल्या झाल्यासारख्या... नंदुरबारकडून वाळत घातलेल्या मिरच्यांच्या पथाऱ्यांचा खकाणा वाऱ्यावर येतो, त्यानेही तसं होतं. हेमकांतला मात्र तो मिरचीचा खकाणा वाटला नाही.

शांतीबाईचं लक्ष दोघांकडे होतं. "हेमकांत, अथं बठ. आम्ही बोलसूत, नाव तू सांग. तुन्हं काय जास?"

आणि तो बसला. ज्याने सगळ्या गावाला नववं पान वाचून दाखवलं, तो फोनच्या समोर मांडी घालून बसला आणि म्हणाला, "शांतीबाई रूपचंद पाटील." खूण हिरवी झाली.

तीन दिवस हेच चाललं. बाई बसायची, हेमकांत तिच्या नवऱ्याचं नाव सांगायचा, बाई बोलायची. काकांची, आजोबांची, भांडण असलेल्या शेजाऱ्याचीही नावं त्याने घेतली. त्याची सही घ्यायला हवी हे कामिनीच्या डोक्यातच आलं नाही. नुसतं नाव सांगायला काय सही.

"किती बायकांचे नवरे झालात आज?" ती विचारायची.

"सोळा. सांभाळणं अवघड जातंय."

"एकीनेही तक्रार केली नाही."

"सतरावीची वाट बघतोय," तो म्हणाला, आणि लगेच पाणी आणायला उठला. ते पाणी कोणीच मागितलं नव्हतं.

शुक्रवारी त्रेचाळीस आवाज पूर्ण झाले. शनिवारी दुपारी कामिनी नंदुरबारच्या ऑफिसात ते पाठवायला बसली, तर पडद्यावर सूचना आली: त्रेचाळीस रेकॉर्डिंगांत एकाच पुरुषाचा आवाज आहे, या पुरुषाची संमती जोडा.

"त्यात काय," तिचे साहेब लखन सर म्हणाले. "तिथे चौकट आहे. टिक कर. कोण बघतंय?"

बोट चौकटीवर गेलं. एक टिक, आणि नोकरी पक्की. पण टिक करण्याआधी ऐकून तरी घ्यावं म्हणून तिने फोन कानाला लावला.

फोन नाव विचारण्याआधीपासूनच ऐकत होता. बायका बोलून संपल्यावरही ऐकत होता. पहिल्या दिवशीच्या आवाजात हेमकांत हळूच म्हणत होता, "माय, त्यांची खुर्ची सावलीत घे." नवव्या आवाजात— "सकाळपासून काही खाल्लं नाही त्यांनी, भाकर दे ना." एकविसाव्यात ती स्वतः हसत होती, कशावर ते आठवेना, आणि मागून भिकुबाई विचारत होती, "काय रे, कोठे ध्यान शे तुन्हं?" चाळिसाव्यात ती हात धुवायला गेली होती. फोन खाटेवर चालूच. बराच वेळ काही नाही, नुसत्या चिमण्या. मग तो, एकटाच, जपून, जसा काही शब्द पडून फुटेल—

"कामिनी."

मॅडम नाही. नुसतं तेवढंच. मग दुसऱ्यांदा, थोडं वेगळं म्हणून बघितल्यासारखं. "कामिनी..."

ऑफिसातला पंखा फिरत होता. कामिनीचे गाल तापले. तिने पुन्हा ऐकलं. मग पुन्हा. आणि तिसऱ्यांदा ऐकताना तिच्या मनात आलं, की टिक केली तर हे बंगळूरला जाणार. तिथून कुठे, कोणाला ठाऊक. कोणीतरी अनोळखी माणूस कानाला लावून ऐकणार, ते एका खोक्यात टाकणार, आणि यंत्र त्यावरून शिकणार की प्रेमात पडलेला माणूस नाव कसं घेतो. उद्या तेच यंत्र त्याच आवाजात कोणाला काहीतरी विकणार.

तिने एकेक रेकॉर्डिंग उघडलं आणि त्यातला हेमकांत कापून काढला. नाव गेलं की खूण लाल व्हायची. होऊ दिली. चाळिसाव्याशी थांबली. एवढं एक ठेवावं, स्वतःपुरतं... अंगठा बराच वेळ हवेत राहिला. पण या आवाजालाही सही नव्हती. तेही पुसलं.

संध्याकाळी लखन सरांनी नोकरी दुसऱ्या मुलीला दिली.

रविवारी ती कोरीटला गेली. नकाशा बंद ठेवून, रस्ता विचारत. ओट्यावर बायकांना सांगितलं, तुमचे आवाज यंत्राने घेतले नाहीत.

"नही लिधा ते नही लिधा," शांतीबाई म्हणाली. "मन्हा आवाज मन्हाजवळ शे. गल्लीले तोच पुरस." मग बागेकडे हात केला. "तो तिकडे शे. पाणी भरी ऱ्हायना. जाय."

हेमकांत पाटाच्या कडेला उभा होता. तिला बघून फावडं टाकलं, पुन्हा उचललं, पुन्हा टाकलं.

"झालं का? पाठवलं?"

"नाही. आधी ऐकलं."

"किती?"

"त्रेचाळीसच्या त्रेचाळीस."

तो पपईच्या खोडाकडे बघायला लागला. त्या खोडावर बघण्यासारखं काही नव्हतं.

"चाळिसावं...?"

"तेही. तीनदा."

"मग आता ते कुठे आहे?"

"कुठेच नाही. पुसलं सगळं. तुमची सही नव्हती."

"आणि नोकरी?"

"गेली."

पाटाचं पाणी दुसऱ्या वाफ्यात घुसलं. कोणी बांध घातला नाही.

"मागायची होती सही," तो म्हणाला. "केली असती मी."

"अकरा पानं वाचून?"

"न वाचता."

दुसरा कोणी असता तर चंद्र-तारे देऊ केले असते. हेमकांतसारख्या माणसाकडून न वाचता सही म्हणजे काय, हे कामिनीला कोणी समजावून सांगायला लागलं नाही.  ती चार पावलं पुढे आली, चपला चिखलात बुडाल्या तरी थांबली नाही. इतके दिवस ती त्याच्याशी शाळेतली मराठी बोलत होती. आज जिभेवर घरची बोली आली.

"ऐक हेमकांत. फोननं चोरून ऐकं ते बरं नही करं. पन जर तो नही ऐकता, ते तू जलमभर नही सांगता. तू भित्रा शेस. भित्राले मन्हा बाप पोरगी देई का नही, माले माहीत नही. पन मी तयार शे."